दहावीचा निकाल शिक्षक-खोलीत कसा घडतो

मे महिन्यात एसएसएलसीचा, म्हणजे कर्नाटकातल्या दहावीचा, निकाल लागला की खानापूर, बेळगाव, निपाणी, चिकोडी, कुठंही जा, बसस्टँडवर एकच चौकशी असते: "तुमच्या हायस्कूलचा टक्का किती?" टक्का चांगला असेल तर "गणिताचे सर लई भारी" असं म्हणतात. घसरला असेल तर कुणा एका बाईंच्या किंवा सरांच्या नावानं खडे फोडतात. शाळेचं यश-अपयश एका माणसाच्या खात्यावर टाकून सगळे मोकळे होतात.

मी सव्वीस वर्षं एका अनुदानित मराठी हायस्कूलमध्ये गणित शिकवलं, त्यातली शेवटची काही वर्षं मुख्याध्यापक म्हणून काढली. बराच काळ माझीही हीच समजूत होती, की चांगले शिक्षक मिळाले तर शाळा चालते, नाही मिळाले तर नशीब. मुख्याध्यापकाच्या खुर्चीत बसल्यावर ती बदलली. मिळालेल्या शिक्षकांना कुठल्या वर्गावर घालायचं, रिकामा तास कुणी घ्यायचा, एकाला जमलेलं दुसऱ्याला कसं कळायचं, अडलेला माणूस कुणाकडे जाणार, या गोष्टी ठरवून केल्या तर त्याच माणसांकडून वेगळं काम होतं. यालाच शिक्षकांचं व्यवस्थापन आणि विकास म्हणतात. शब्द ऑफिसातले वाटतात, पण गोष्ट शिक्षक-खोलीतली आहे.

आधी निकालाच्या आकड्यांकडे बघू. कर्नाटक राज्याचा एसएसएलसीचा निकाल २०२३ मध्ये ८३.८९ टक्के होता. २०२४ मध्ये तो ७३.४० वर आला, आणि २०२५ च्या पहिल्या परीक्षेत ६६.१४ वर. मधल्या काळात मुलं अचानक कमी हुशार झाली नाहीत. २०२४ पासून परीक्षा केंद्रांवर कॅमेरे लावून वेबकास्टिंग सुरू झालं, म्हणजे वर्गातली परीक्षा अधिकाऱ्यांना थेट दिसू लागली, आणि त्या वर्षीचा ७३.४० हा आकडा तर ग्रेस मार्क वाढवून दिल्यानंतरचा आहे. म्हणजे आधीच्या टक्क्यांत वर्गातल्या शिकवण्याचा वाटा किती होता, हे आता दिसू लागलंय. कॅमेरा लागल्यावर शाळेच्या हातात उरतं ते आठवी, नववी आणि दहावी या तीन वर्षांतलं शिकवणं.

आठवीचा वर्ग कुणाला?

आपल्याकडे हायस्कूल म्हणजे आठवी ते दहावी. जवळजवळ प्रत्येक शाळेत जूनमध्ये वेळापत्रक करताना एक अलिखित नियम असतो: सगळ्यात अनुभवी शिक्षक दहावीला, आणि नवीन, तात्पुरता किंवा दुसऱ्याच विषयाचा शिक्षक आठवीला. मुख्याध्यापकाची अडचण मला कळते. बीईओ, म्हणजे गटशिक्षणाधिकारी, यांच्या ऑफिसातून विचारणा होते ती दहावीची, पालक भांडतात ते दहावीसाठी. पण गणित आणि भाषा हे विषय एकावर एक रचत जाण्याचे आहेत. आठवीत कच्ची राहिलेली वीट दहावीत जानेवारीच्या जादा तासात काढून नवी बसवता येत नाही.

एका वर्षी सहामाही परीक्षेनंतर मी नववीच्या गणिताच्या उत्तरपत्रिका शिक्षक-खोलीतल्या टेबलावर पसरल्या. गणिताचे सर, विज्ञानाचे सर आणि आठवीला गणित घेणाऱ्या अतिथी (मानधनावरच्या तात्पुरत्या) शिक्षिका, अशा तिघांना सोबत घेतलं. कुणाला किती गुण पडले हे बघायचं नाही, मुलं नेमकी कुठं चुकली तेवढंच बघायचं, असं ठरवलं. अर्ध्या तासात एक गोष्ट लख्ख दिसली. ५ − २(क्ष − ३) असा कंस सोडवायचा होता, आणि निम्म्याहून जास्त मुलांनी ५ − २क्ष − ६ लिहिलं होतं. शेवटी ६ अधिक यायला हवेत, पण वजा दोनानं वजा तीनाला गुणलं की काय होतं, इथंच सगळ्यांचं घोडं अडलं होतं. विज्ञानाचे सर म्हणाले, "माझ्या भौतिकशास्त्राच्या गणितांतपण हेच होतंय ओ, मला वाटलं मुलं घाईत चुकतात."

त्या बाई गप्प होत्या. मग हळूच म्हणाल्या, "सर, माझं बीएस्सी जीवशास्त्रातलं. गणिताची जागा रिकामी म्हणून मला दिलं. नियम मी पाठ करून घेतला, पण तो तसा का, हे मला स्वतःलाच समजावता येत नाही."

आमच्या हायस्कूलांत विज्ञान-गणिताच्या शिक्षकांच्या दोन जाती मानतात: पीसीएम, म्हणजे भौतिक-रसायन-गणितवाले, आणि सीबीझेड, म्हणजे रसायन-वनस्पती-प्राणीवाले. सीबीझेडच्या माणसाला गणित देणं ही नाइलाजाची गोष्ट असते. पण ते दिल्यावर त्या माणसाशेजारी कुणीतरी बसायला हवं होतं आणि आम्ही कुणीच बसलो नव्हतो. चूक त्या बाईंची नव्हती, वेळापत्रक मी केलं होतं.

गणिताच्या सरांनी तिथंच त्यांना किराणा दुकानाच्या उधारीचं उदाहरण दिलं. वहीत तीन-तीन रुपयांच्या दोन उधाऱ्या तुमच्या नावावर आहेत. उधारी म्हणजे वजा तीन. दुकानदारानं त्या दोन्ही खोडून टाकल्या, म्हणजे दोन वेळा वजा तीन काढून घेतले. तुमच्या खिशात काही घातलं नाही, तरी तुम्ही सहा रुपयांनी वर आलात. पुढच्या सोमवारी बाईंनी आठवीत हेच घेतलं आणि सर मागच्या बाकावर बसले. तास संपल्यावर त्यांनी एकच गोष्ट सांगितली: "बाई, उदाहरण छान झालं, पण ते सांगून झाल्याबरोबर तुम्ही फळ्यावर वळलात. चौथ्या बाकावरच्या पोराचा हात वर होता." एवढंच. वर्षभरात मला दिसलेलं सगळ्यात उपयोगी प्रशिक्षण हे होतं, आणि त्याला एक रुपया खर्च आला नाही.

अभ्यास काय सांगतात

एका शाळेचा अनुभव पुरेसा नसतो, म्हणून बाहेरचंही थोडं सांगतो. २०१५ मध्ये निकोलस ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आठ देशांतल्या १,८०० हून अधिक शाळांच्या मुख्याध्यापकांशी बोलून एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात भारतही होता. मुलं कुठं अडतायत हे शाळा नियमित बघते का, बघून पुढं काय करते, चांगल्या शिक्षकाला टिकवायला आणि कच्च्या शिक्षकाला उभं करायला काही होतं का, अशा प्रश्नांवरून प्रत्येक शाळेच्या व्यवस्थापनाला गुण दिले. ज्या शाळांना जास्त गुण, तिथल्या मुलांचे निकालही चांगले, असं दिसलं. आठ देशांत भारताचे सरासरी गुण सगळ्यात खाली होते. मला हे वाचून वाईट वाटलं, पण नवल वाटलं नाही.

न्यूझीलंडच्या व्हिव्हियन रॉबिन्सन आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये दुसरा प्रश्न घेतला: मुख्याध्यापक करतो त्या अनेक कामांपैकी मुलांच्या शिकण्यावर सगळ्यात जास्त परिणाम कशाचा होतो? आधीचे अभ्यास एकत्र करून त्यांनी पाहिलं, तर सगळ्यात वर आलं ते शिक्षकांच्या शिकण्याला चालना देणं आणि मुख्याध्यापकानं स्वतः त्यात बसणं. शिक्षकांना प्रशिक्षणाला धाडून स्वतः ऑफिसात थांबणारा मुख्याध्यापक आणि त्यांच्या शेजारी वही घेऊन बसणारा मुख्याध्यापक, यांत फार अंतर आहे.

नुसत्या कागदानं मात्र काही होत नाही, आणि याचाही पुरावा आहे. मध्य प्रदेशात शाळा सुधारण्याची एक मोठी योजना झाली. शाळांची तपासणी झाली, प्रत्येक शाळेचा सुधारणा आराखडा बनला, अधिकाऱ्यांच्या भेटी ठरल्या. कार्तिक मुरलीधरन आणि अभिजीत सिंग यांनी २०२० मध्ये तिचा निष्कर्ष मांडला: आराखडे झाले, पण वर्गातलं शिकवणं बदललं नाही आणि मुलांचं शिकणंही नाही. शाळेला वाटलं, फायल भरून दिली म्हणजे काम झालं. आपल्याकडेही पाठ टाचणाची वही लाल शाईनं सही होऊन परत येते. त्या वहीतला पाठ वर्गात कसा गेला, हे कुणी विचारत नाही.

पगाराबद्दल लोक हमखास विचारतात. इंडोनेशियानं २००५ च्या कायद्यानुसार प्रमाणपत्र मिळालेल्या शिक्षकांचा पगार जवळजवळ दुप्पट केला. शिक्षक खूष झाले, जोडधंदे कमी झाले, पण मुलांच्या शिकण्यात फरक दिसला नाही. आधीच पक्की नोकरी असलेल्यांचा पगार वाढवून शिकवणं आपोआप सुधारत नाही, एवढाच याचा अर्थ. अतिथी शिक्षकांना याच कारणावरून कमी द्यावं असं कुणी म्हणू नये. महिन्याला दहा-बारा हजारांच्या मानधनावर, सुट्टीच्या महिन्यांत हात रिकामे ठेवून, पुढच्या वर्षी बोलावतील की नाही या घोरात जगणाऱ्या माणसानं तीन वर्षांचा विचार करावा अशी अपेक्षा शाळेनं ठेवणं अन्यायाचं आहे.

सीमाभागातली वेगळी ओझी

बेळगावच्या एकाच महसुली जिल्ह्यात बेळगाव आणि चिकोडी असे दोन शैक्षणिक जिल्हे आहेत आणि प्रत्येकाला वेगळे डीडीपीआय, म्हणजे शिक्षण उपसंचालक. तरी दोन्हीकडच्या मराठी हायस्कूलांची दुखणी सारखीच आहेत.

पहिलं रिकाम्या जागांचं. अनुदानित शाळेतला शिक्षक निवृत्त झाला की ती जागा भरायला सरकारची परवानगी लागते, आणि ती येईपर्यंत वर्षं जातात. सरकारी शाळेत अतिथी शिक्षक येतात, पण शाळा सुरू झाल्यावर. कणकुंबी, जांबोटीकडच्या शाळांचा जून-जुलै तर पावसात जातो. रस्ते बंद, सुट्ट्या जाहीर, आणि गणिताची खुर्ची रिकामी. ऑगस्टमध्ये नवा माणूस उभा राहतो तेव्हा अभ्यासक्रम दोन पाठ मागं पडलेला असतो आणि मुलांची नावंही त्याला माहीत नसतात.

दुसरं भाषेचं. सरकारी कारभार कन्नडमध्ये, त्यामुळे परिपत्रकं कन्नडमध्ये. प्रशिक्षणही बहुतेक कन्नड नाहीतर इंग्रजीत. मराठी माध्यमाच्या शिक्षकाला ऐकलेलं सगळं मनात मराठी करून घ्यावं लागतं, आणि हे वाटतं तेवढं सोपं नाही. आपण परावर्तन म्हणतो त्याला कन्नडमध्ये प्रतिफलन म्हणतात, अपूर्णांकाला भिन्नराशी, आणि प्रकाशसंश्लेषणाला द्युतिसंश्लेषणे. शब्द संस्कृतातलेच, पण मुलाच्या पुस्तकात वेगळे छापलेले. भाषांतर करता करता शिकवण्याची नवी रीत बाजूला राहते, आणि शिक्षक प्रमाणपत्र घेऊन जुन्याच पद्धतीवर परत येतो.

यावर आमच्या शाळेत एक उपाय निघाला, तोही अनपेक्षित जागेतून. कन्नड शिकवणारे सर दूरच्या जिल्ह्यातून आलेले होते. मराठी समजायचं, पण बोलायला बिचकायचे. शिक्षक-खोलीत बाकीचे मराठीत गप्पा मारायचे आणि ते कोपऱ्यात पेपर वाचत बसायचे. आम्ही सगळ्यांनी त्यांना तसं बसू दिलं होतं, हे आता आठवलं की मन खातं. एकदा विज्ञानाचं कन्नड साहित्य आलं, तेव्हा मी त्यांना विनंती केली, "सर, जरा विज्ञानाच्या सरांसोबत बसून एवढं समजावून द्याल?" ते बसले. पुढं दर शनिवारी शाळा सुटल्यावर अर्धा तास हे चालू झालं: ते कन्नड शब्द सांगायचे, विज्ञानाचे सर मराठी शब्द लिहायचे. त्यातून एक वही तयार झाली, आणि मुलांना कन्नड आणि विज्ञान दोन्ही विषयांत तिचा उपयोग झाला. आमच्या मुलांची पहिली भाषा मराठी, १२५ गुणांची. पण निकाल अडकतो तो बऱ्याचदा कन्नडमध्ये. कन्नडच्या सरांना शाळेत आपलं वाटणं हा निकालाचा प्रश्न आहे, हे मला फार उशिरा कळलं.

तिसरं ओझं शाळेबाहेरच्या कामांचं. निवडणूक, गणना, सर्वेक्षण. २०२५ च्या दसऱ्यात राज्यातल्या सामाजिक-शैक्षणिक सर्वेक्षणासाठी शिक्षक घरोघर फिरले आणि त्यासाठी सुट्टी वाढवावी लागली. शिक्षक शाळेत नसतो तेव्हा लोक कामचुकारपणाचा आरोप करतात. पण अझीम प्रेमजी फाउंडेशननं सहा राज्यांतल्या ६१९ शाळांची २०१७ मध्ये पाहणी प्रसिद्ध केली, तीत कारणाशिवाय गैरहजर असलेले शिक्षक अडीच टक्के निघाले. बाकीचे रजेवर किंवा सरकारनंच दुसऱ्या कामाला लावलेले होते. मुख्याध्यापकाचीही तीच गत. पोषण आहाराचा हिशेब, दुधाचा आणि अंड्यांचा हिशेब, विद्यार्थ्यांची ऑनलाइन नोंदणी. वर्गात जाऊन मागच्या बाकावर बसायला त्याला वेळ उरत नाही.

तास बघायला जाणं

या सगळ्यात मुख्याध्यापकाच्या हातात काय आहे? माझ्या मते सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे एकमेकांचे तास बघणं. शिक्षकाला वर्गात बघून मग त्याच्याशी बोलत राहायचं, अशा पद्धतीच्या साठ अभ्यासांचा आढावा मॅथ्यू क्राफ्ट आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये घेतला. शिकवणं स्पष्ट सुधारतं आणि मुलांचे गुणही वाढतात, असं त्यात आलं. कार्यक्रम फार मोठा केला की फायदा कमी होतो, हेही आलं. म्हणजे ही लहान शाळेला, आठ-दहा माणसांच्या शिक्षक-खोलीला जमणारी गोष्ट आहे.

पहिल्या वेळी मी हे चुकीच्या पद्धतीनं केलं. हातात तपासणीचा फॉर्म घेऊन एका ज्येष्ठ सरांच्या वर्गात गेलो. त्यांनी दारातच विचारलं, "काय ओ हेडमास्तर, इन्स्पेक्शन काय? बीईओ साहेब यायलेत?" तास त्यांनी वेगळाच घेतला, फळ्यावर सुंदर अक्षर, मुलांत दबकी शांतता. मी फॉर्मवर 'उत्तम' लिहिलं. त्यातून दोघांनाही काही मिळालं नाही.

दुसऱ्या वर्षी मी आधी माझा तास बघायला त्यांना बोलावलं. प्रमेय शिकवत होतो. तास झाल्यावर ते म्हणाले, "तुम्ही प्रश्न विचारता आणि तीन सेकंदांत उत्तरपण तुम्हीच देता." मला राग आला, आणि घरी जाताना पटलं. त्यानंतर त्यांनी स्वतःहून मला त्यांच्या वर्गात बोलावलं. फॉर्म नव्हता, मुलांसमोर शेरा नव्हता, आणि जे बोललो ते दोघांतच राहिलं. वार्षिक गोपनीय अहवालात यातलं काही जाणार नाही, हे मी सगळ्यांना आधी सांगून ठेवलं होतं. ही हमी दिली नसती तर पुढचं काही झालं नसतं, असं मला पक्कं वाटतं. भीती आणि शिकणं एका बाकावर बसत नाहीत.

नव्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानं २०२० मध्ये प्रत्येक शिक्षकाला वर्षाला पन्नास तास प्रशिक्षण सांगितलंय. ऑनलाइन कोर्समध्ये व्हिडिओ पुढं सरकत राहतो आणि शेजारी वह्यांची तपासणी चालू असते, असे तास मी पाहिलेत. डाएटनं, म्हणजे जिल्ह्याच्या शिक्षक-प्रशिक्षण संस्थेनं, त्या पन्नासातले थोडे तरी तास शाळेतल्या या कामासाठी धरावेत, आणि मराठी शाळांचे दोन-तीन केंद्रांतले विषय शिक्षक महिन्यातून एकदा एकत्र बसवावेत, अशी माझी कळकळीची विनंती आहे. लहान शाळेत गणिताचा शिक्षक एकटाच असतो. त्याला बोलायला दुसरा गणितवालाच नसतो.

बदलीबद्दलही थोडं. २०२० च्या कायद्याप्रमाणे सरकारी शिक्षकांच्या बदल्या कौन्सेलिंगनं होतात. खुर्चीला खुर्ची मिळते, पण गेलेल्या माणसाला माहीत असलेलं सगळं त्याच्यासोबत जातं: कुठल्या मुलीला घरी अभ्यासाला दिवा नसतो, कुठलं पोर ऊसतोडीच्या हंगामात दोन महिने गायब होतं, कोण अपूर्णांकात अडलंय. आम्ही यासाठी प्रत्येक वर्गाची एक साधी शंभर पानी वही ठेवली. बदलून जाणारा किंवा निवृत्त होणारा शिक्षक शेवटच्या आठवड्यात ती भरायचा आणि ती नव्या शिक्षकाच्या हातात पडायची, नवा माणूस यायला ऑगस्ट उजाडला तरी. त्या अतिथी बाई दोन वर्षांनी सोडून गेल्या, तेव्हा त्यांच्या वहीतल्या पहिल्या पानावर लिहिलं होतं: "कंसाबाहेर वजा असेल तर आधी उधारीचं उदाहरण घ्या. ते सांगून झाल्यावर लगेच फळ्याकडे वळू नका."